धारकर मॅडम सायकल शिकतात

उज्जैनच्या आमच्या मुलींच्या शाळेत पीटीचा तास कुणाचाही असायचा, फक्त पीटीच्या बाईंचा नसायचा. वेळापत्रकात नाव त्यांचं, पण दहावीच्या मुलींचा कोर्स मागे पडला की गणितवाले यायचे, विज्ञानवाल्या यायच्या, कधीकधी मीसुद्धा, संस्कृतची, सुभाषितं घेऊन जायची. आधीच्या पीटीच्या बाई खुशीखुशी तास देऊन टाकत आणि स्टाफरूममध्ये स्वेटर विणत बसत. वासंती धारकर आल्या आणि हा सगळा कारभार बंद झाला.

पहिल्याच आठवड्यात चौबेजी आले. गणिताचे. हातात खडू, चेहऱ्यावर घाई. "धारकर मैडम, आज का पीरियड हमें दे दीजिए. त्रिकोणमिति अटकी पड़ी है."

"ले लीजिए ना सर," वासंतीताई बोलल्या. "बस एक बात है. इस पीरियड में लड़कियाँ बैठती नहीं हैं. चलते-चलते पढ़ा दीजिए."

चौबेजींना वाटलं, गंमत करतात. गंमत कसली! सगळा वर्ग मैदानाला फेऱ्या घालतोय आणि मधोमध चौबेजी साइन थीटा, कॉस थीटा करत धापा टाकतायत. दुसऱ्या फेरीत थीटा गेला, फक्त साइन उरला. तिसऱ्या फेरीला ते कडुनिंबाखाली बसले आणि मुलींनी त्यांना पाणी आणून दिलं. त्यानंतर त्यांनी कधी तास मागितला नाही. मात्र पुढे पुढे शाळा सुटल्यावर ते खडू न घेता मैदानावर दिसायला लागले, एकटेच चालताना. वासंतीताई मला हळूच बोलल्या, "माणूस चांगला आहे ग मालती. दम कमी होता इतकंच."

बाई स्वतः काही काडी नव्हत्या. उंच, रुंद, दारातून आल्या की दार भरून जायचं. भैरवगढच्या छापाच्या सुती साड्या नेसायच्या, त्याही सगळ्या मातकट लाल, त्यामुळे मॅडमकडे एकच साडी आहे अशी मुलींची पक्की समजूत होती. पायात कॅनव्हासचे बूट, ओला खडू फिरवून पांढरे केलेले. गळ्यात शिटी असायची, पण ती मैदानात शिरलेली कुत्री हाकलायला. मुलींसाठी आवाज पुरत होता. बाईंचे पूर्वज संस्थानी दरबाराच्या दफ्तरात कामाला म्हणून इकडे माळव्यात आले ते इकडचेच झाले. त्यामुळे मराठी आमच्या सगळ्यांसारखीच, अर्धी माळव्याची. "चिंता नको करूस, सगळं जमून जाईल," असं त्या बोलायच्या, आणि पुण्याहून आलेल्या आमच्या एका पाहुणीने तोंड वाकडं केलं तर तिलाही त्यांनी मैदान दाखवून आणलं.

कारण त्यांच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. चल, दोन फेऱ्या मारू. स्टाफरूममध्ये भांडण झालं, चला दोन फेऱ्या. कुणाची सासू आजारी, कुणाची बदली झाली, चला. एखादी मुलगी रडत आली तर त्या तिला गप्प करत नसत. "रडायचंय ना? रड की. पण चालता चालता रड." त्यांचे यजमान गेले, तेरावं झालं, आणि त्या शाळेत आल्या त्या दिवशी प्रार्थनेच्या आधी मी बघते तो एकट्याच मैदानावर चालतायत. मी गेले, काहीतरी सांत्वनाचं बोलायला तोंड उघडलं. त्या बोलल्या, "बोलू नकोस. नुसती चल." मी चालले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि त्या सरळ समोर बघत होत्या.

आणखी एक. वर्षातून एकदा मुलींची वजनं घ्यायची असत. पद्धत अशी की एक मुलगी काट्यावर चढणार, मॉनिटर मोठ्याने आकडा ओरडणार, बाई लिहिणार, आणि मागच्या रांगेत खसखस पिकणार. वासंतीताईंनी काटा उचलून सामानाच्या खोलीत नेला, त्याचं तोंड भिंतीकडे केलं आणि एकेकीला आत बोलवून दार लावून घेतलं. बड़ी मैडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, चिडल्या, "इतना टाइम लगता है क्या?" तर या बोलल्या, "लगता है, मैडम. लड़कियाँ हैं, गेहूँ की बोरियाँ थोड़ी हैं." त्या दिवसापासून मला या बाईचा धाक वाटायला लागला. रागीट माणसाचा वाटतो तसला नाही. ज्याला आपण घाबरतो त्याला हे माणूस घाबरत नाही, हे कळल्यावर वाटतो तसला.

आता मंजूचं सांगते, कारण त्याशिवाय धारकर मॅडम पुऱ्या कळायच्या नाहीत.

मंजिरी माझ्या दादाची मुलगी. फ्रीगंजमध्ये आमची घरं शेजारीशेजारी. ती आमच्याच शाळेत, दहावीला. ती वर्षं अशी होती की घरोघरी केबल येत होती आणि गल्लोगल्ली कोचिंगच्या पाट्या लागत होत्या. दादा बँकेत साहेब. त्याने मुलीचं दहावीचं वर्ष म्हणून घरातली केबल काढली, तिची सायकल आवारात उभी करून ऑटो लावला, आणि मुलगी खुर्चीत बसवली. देवघरात मूर्ती बसवतात तशी बसवली हो! हलायचं नाही, फक्त नैवेद्य येणार. वहिनी सकाळी बदामाचा शिरा घेऊन हजर, दुपारी तुपातले मेथीचे लाडू, संध्याकाळी कोचिंगहून आली की दोन मिनिटांत होणाऱ्या त्या नव्या शेवया. "डोक्याला ताण आहे पोरीच्या," वहिनी बोलायची. ताण होताच. पोरगी पहाटेपर्यंत जागायची, नखं कुरतडायची आणि समोर येईल ते खायची. दिवाळीपर्यंत तिचे सगळे कुर्ते घट्ट व्हायला लागले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंजू गुलाबदाणी घेऊन सगळ्यांवर गुलाबपाणी शिंपडत होती. शेजारच्या एक काकू मोठ्याने बोलल्या, "काय वहिनी, बोर्डाचं वर्ष मानवलं हो लेकीला!" सगळ्या हसल्या. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, हीच तर रड आहे आपल्या लोकांची. मंजूने गुलाबदाणी खाली ठेवली, आत गेली, आणि त्यानंतर घरी कुणी आलं की तिचं दार बंद.

मग दादा जागा झाला. टावर चौकात नुकतंच एक वजन उतरवायचं सेंटर उघडलं होतं, गुलाबी पाटीचं. तिथे कमरेला पट्टा लावायचे आणि मशीन ते पोट गदागदा हलवायचं. म्हणजे सकाळी वहिनी बुद्धीसाठी बदामाचा शिरा भरवणार आणि संध्याकाळी दादा तो पट्ट्याने हलवून काढणार. एकाच घरात, एकाच मुलीवर! मी काही बोलले तर दादा मला बोलला, "तू संस्कृत बघ."

मंजूने तिसराच मार्ग काढला. शाळेच्या फाटकाशी एक गाय उभी असायची. मंजू आपला डबा रोज तिला घालायची आणि घरी लाडू रुमालात गुंडाळून खिडकीतून बाहेर. गाय चांगली तुकतुकीत झाली. आणि एका सकाळी प्रार्थना चालू असताना मंजू रांगेत उभी होती ती धाडकन खाली पडली.

मी व्हरांड्यातून धावेपर्यंत वासंतीताईंनी तिला दोन्ही हातांवर उचललंसुद्धा होतं. मैदानाच्या त्या टोकापासून स्टाफरूमपर्यंत घेऊन आल्या. एक मुलगी फिसकन हसली, "मैडम, भारी होगी ना?" वासंतीताईंनी तिच्याकडे नजरही टाकली नाही. "पानी ला," इतकंच बोलल्या, आणि ती मुलगी पळत गेली.

मंजूने डोळे उघडले तेव्हा सगळ्याजणी विचारत होत्या, काय झालं, कसं झालं. वासंतीताईंनी एकच विचारलं. "शेवटचं पोटभर कधी जेवलीस?"

मंजू रडायला लागली. "मला सगळे बघतात," ती बोलली. "मी खाल्लं तरी बघतात, नाही खाल्लं तरी बघतात."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. रक्त कमी झालेलं. वाढत्या वयात असली उपासमार अजिबात नको, त्या बोलल्या. वेळेवर जेवण, पुरती झोप आणि रोजची हालचाल, वजनाचं मी बघेन, आणि तो पट्टा बंद करा. घरी येताच मंजूने जाहीर केलं, मी शाळेत येणार नाही. परीक्षेला बसणार नाही. सगळ्या शाळेसमोर पडले मी. आता मी कुणाच्या समोर जाणार नाही. आणि खरंच नाही गेली. दार बंद. वहिनी दाराबाहेर ताट घेऊन रडतेय, दादा दाराबाहेर ओरडतोय, परीक्षा तोंडावर आलेली, आणि ताट तसंच्या तसं परत. मला तर वर्ष वाया जाण्याची नाही, पोरगीच हातची जाईल अशी भीती वाटायला लागली. मी वासंतीताईंना सांगितलं. त्या बोलल्या, "रविवारी तुझ्या दादाकडे जेवायला येते."

आल्या. वहिनीने दाल-बाफले केले होते, कणकेचे भाजलेले गोळे तुपात बुडवून. ताटं वाढली, आणि वासंतीताई बोलल्या, "भाऊ, जेवायच्या आधी एक बोलायचंय. या घरात ताटावर कुणाच्या अंगाचा विषय निघणार नाही. जाड नाही, बारीक नाही, चेहरा उतरला नाही, काही नाही. आणि आग्रह बंद. ती घेईल तेवढं तिचं."

वहिनीच्या हातात तुपाची वाटी होती ती तशीच राहिली. आग्रह बंद? आमच्या घरात? दादा बोलला, "अहो पण मॅडम, वजनाचं काय?"

"डॉक्टरीणबाई बघतायत ना? तुमच्या बँकेत येऊन मी सह्या करते का?"

मग त्या उठल्या आणि मंजूच्या दाराशी गेल्या. मला वाटलं, आता उपदेश होणार, परीक्षेचं महत्त्व वगैरे. त्या दाराला तोंड लावून बोलल्या, "मंजिरी, मला सायकल येत नाही. शिकवशील?"

आतून आवाज आला, "तुम्हाला? पीटीच्या मॅडमना?"

"हो ना. लेझीम येतं, खोखो येतो, लाठी येते. लहानपणी वडिलांनी सायकलला हात लावू दिला नाही, मग भीती बसली. रिटायर व्हायला आले आता. मागून धरायला कुणीतरी पाहिजे."

"सगळे हसतील तुम्हाला."

"हसतील. उद्या सकाळी कोठी रोडवर. तुझीच सायकल आण."

परत जाताना मी विचारलं, "ताई, खरंच येत नाही? की नाटक?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विचारलंच कशाला असं झालं. "खोटं बोलून लेकरू बरं होतं का ग? नाही येत."

दुसऱ्या दिवशी मंजू आली. का आली हे तिलाही सांगता येणार नाही. अंगावर वहिनीची भलीमोठी शाल, मान खाली. वासंतीताई पहिल्यांदाच सलवार-कमीजमध्ये, आणि चेहरा पांढराफटक. कोठी रोड म्हणजे सगळं उज्जैन सकाळी फिरायला तिथेच. डॉक्टर, वकील, आमच्या शाळेच्या निम्म्या मुलींचे आईबाप. मी चहाचा थर्मास घेऊन बाकावर बसले आणि पुढे जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही.

बाई पडल्या. पहिल्यांदा डावीकडे, मग उजवीकडे, मग सायकलसकट एका दूधवाल्याच्या अंगावर. पोरं गोळा झाली. "अरे भिया, देख! पीटी मैडम गिर री हैं!" ज्या बाईच्या एका हाकेने सगळी शाळा सरळ उभी राहायची ती बाई धुळीत बसली होती, कोपर सोलवटलेलं, केस सुटलेले. नेमक्या त्याच वेळी बड़ी मैडम समोरून आल्या. "धारकर मैडम! ये क्या तमाशा है?"

"सीख रही हूँ, मैडम," वासंतीताई खालूनच बोलल्या. "आप भी आइए."

आणि उठल्या, आणि परत चढल्या. मला बाई रडूच आलं. आपण वर्गात एखाद्या श्लोकाचा अर्थ चुकलो तरी दिवसभर तोंड लपवतो. ही बाई साऱ्या गावाचं हसणं आपल्या अंगावर घेत होती, राजीखुशीने, एका मुलीसाठी. आणि मुलीकडे कुणाचं लक्षच नव्हतं! ज्या रस्त्यावर पाय ठेवायची तिला भीती वाटत होती त्याच रस्त्यावर ती कॅरिअर धरून धावत होती आणि सगळे डोळे पुढच्या सीटवर.

शाल घेऊन कॅरिअर धरता येत नाही. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी शाल माझ्या मांडीवर आली. मग मंजूचा आवाज आला. आधी पुटपुटल्यासारखा, मग मोठा, मग चक्क खेकसण्याइतका. "मॅडम, समोर बघा! चाकाकडे काय बघताय? हँडल सैल धरा!" वासंतीताई निमूटपणे "हो, हो" करायच्या. त्या खरंच वाईट विद्यार्थिनी होत्या. वळण आलं की डोळे मिटून घ्यायच्या. मंजू कपाळावर हात मारायची. "डोळे का मिटता? देवाने कशाला दिलेत?"

रोज सकाळी हे चालायचं. मंजू घामाने निथळून घरी यायची, आंघोळ करायची आणि वाढलेलं जेवायची. वहिनी पदराचं टोक दातांत धरून बसायची, तोंडातून "अजून एक पोळी" निघू नये म्हणून. रात्री पोरगी लवकर झोपायला लागली. शाळेत आधी नुसती पीटीच्या तासाला आली, मग पुढच्या तासालाही बसली. "बॅग घरी आहे," ती मला बोलली. मी तिला माझं पुस्तक दिलं.

आणि एका सकाळी वासंतीताई सुटल्या. मंजूने सांगितलं नाही, हात काढून घेतला. बाई पुढे गेल्या, सरळ, वळणावर डोळे उघडे ठेवून वळल्यासुद्धा. मंजू रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडत होती, "चालवतायत! आत्या, बघ, चालवतायत!" वासंतीताई परत आल्या त्या आमच्या समोरून तशाच पुढे निघून गेल्या. "अगं, उतरायचं कसं?" ते शिकायचंच राहिलं होतं. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो.

हसता हसता मंजू माझ्या शेजारी बसली आणि बोलली, "आत्या, भूक लागली."

समोर पोह्याची गाडी होती. मी दोन प्लेटा घेतल्या, वर शेव, बाजूला गरम जिलबी. मंजूने प्लेट हातात घेतली आणि तिथेच, भर रस्त्यावर, सगळे जात-येत असताना खाल्ली. हळदीकुंकवाच्या त्या काकूंचे यजमान जवळून गेले. "वा, पोहे का?" ते बोलले. मंजू बोलली, "हो काका. तुम्हीपण घ्या ना."

परीक्षा तिने दिली. पास झाली, चांगली झाली, दादाच्या मनातली पहिली श्रेणी नाही आली आणि दादाने तेही गिळलं. मला अजून लोक विचारतात, मग वजन किती उतरलं हो तिचं? मला माहीत नाही. डॉक्टरीणबाई समाधानी होत्या, मंजू जिना दोन दोन पायऱ्या चढून वर यायची, आणि आकडा विचारायची त्या घरात कुणाची हिंमत नव्हती.

वासंतीताई त्याच उन्हाळ्यात रिटायर झाल्या आणि मुलीकडे बडोद्याला जायला निघाल्या. आम्ही देवास गेटच्या बसस्टँडवर सोडायला गेलो. मंजूही आली. सगळ्याजणी पाया पडल्या, कुणी नारळ दिला, वहिनीने लाडवांचा डबा दिला, मीही काहीबाही बोलले. मंजू मात्र खांबाला टेकून उभी. जवळ आली नाही. वासंतीताईंनीही तिला बोलावलं नाही. खिडकीशी बसल्या, पिशवी मांडीवर घेतली.

बस हलली. फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागली, आणि एकदम मंजू पळायला लागली. नवा पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, फळांच्या गाड्या, रिक्षा, सगळा बाजार बघतोय, आणि ही बसच्या बाजूने पळतेय, तोंडाने "मॅडम, मॅडम" करत. मला वाटलं, आता बाई हात हलवतील, डोळे पुसतील. खिडकीतून त्यांचं डोकं बाहेर आलं, मग खांदे बाहेर आले. कंडक्टर मागून ओढत होता, "अरे माताजी, अंदर, अंदर!" आणि बाई सगळ्या देवास गेटला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "मंजिरी! चपला काढ! चपला घालून कुणी पळतं का?"

मंजूने पळता पळता चपला काढल्या, दोन्ही हातात घेतल्या, आणि अनवाणी पळत सुटली.